पाळणा लांबवणारं तीन महिन्यांचं इंजेक्शन: ‘अंतरा’ घेण्याआधी काय माहीत असायला हवं?

लग्नानंतर वर्ष-दीड वर्षात पहिलं मूल, पाठोपाठ दुसरं आणि मग ‘ऑपरेशन’. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या अनेक गावांमध्ये कुटुंब नियोजनाचा क्रम आजही असाच असतो. दोन मुलांमध्ये अंतर ठेवायचं म्हटलं की तांबी किंवा गोळ्या सुचवल्या जातात. पण तांबीची अनेकींना भीती वाटते, गोळी रोज आठवणीने घ्यावी लागते आणि निरोध वापरायचा की नाही, हे बहुतेक घरांत नवराच ठरवतो.

या तिन्हींखेरीज आणखी एक साधन २०१७ पासून सरकारी दवाखान्यांत मोफत मिळू लागलं. तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन. सरकारी कार्यक्रमातलं त्याचं नाव ‘अंतरा’.

हे इंजेक्शन जगभरात कोट्यवधी स्त्रिया वापरतात आणि योग्य वेळी घेतलं तर त्याचा भरवसाही मोठा आहे. तरीही पहिल्या-दुसऱ्या डोसनंतर ते सोडून देणाऱ्या स्त्रिया पुष्कळ असतात. बहुतेक वेळा त्याचं कारण दोन गोष्टींत सापडतं. पाळीत होणारे बदल आधी सांगितलेले नसतात आणि पुढच्या डोसची तारीख हुकते. ऊसतोडीसाठी सहा-सहा महिने गाव सोडावं लागणाऱ्या मराठवाड्यात या दोन्ही गोष्टींना जास्तच महत्त्व आहे.

‘अंतरा’ म्हणजे नेमकं काय?

या इंजेक्शनमध्ये मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन अ‍ॅसिटेट, थोडक्यात ‘एमपीए’, हे औषध असतं. स्त्रीच्या शरीरात तयार होणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकासारखंच, पण प्रयोगशाळेत बनवलेलं. गर्भनिरोधक गोळ्यांमध्ये बहुधा इस्ट्रोजेन हे दुसरं संप्रेरकही असतं. या इंजेक्शनमध्ये ते नसतं. म्हणूनच बाळ सहा आठवड्यांचं झाल्यावर अंगावर पाजणाऱ्या आईलाही ते घेता येतं. दुधावर त्याचा परिणाम होत नाही.

एका डोसमध्ये १५० मिलिग्रॅम औषध असतं. ते दंडावर, कमरेवर किंवा मांडीवर स्नायूत दिलं जातं. तिथून ते हळूहळू रक्तात उतरत राहतं आणि साधारण तीन महिने काम करतं. इंजेक्शन दिलेली जागा चोळायची नाही आणि शेकायचीही नाही. तसं केलं तर औषध लवकर उतरतं आणि परिणाम कमी दिवस टिकण्याची शक्यता असते. गावाकडे सुई टोचली की जागा चोळण्याची सवय असते, म्हणून ही बारीकशी सूचना महत्त्वाची.

त्वचेखाली देण्याचा याच औषधाचा दुसरा प्रकारही आहे. त्यात औषध १०४ मिलिग्रॅम असतं आणि सुई लहान असते. काही देशांमध्ये स्त्रिया ते शिकून स्वतःच घेतात.

शरीरात ते काय करतं?

मुख्य काम म्हणजे अंडाशयातून दर महिन्याला बाहेर पडणारं बीज थांबवणं. बीजच नसेल तर गर्भ राहणार कसा? शिवाय गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला स्राव घट्ट होतो, त्यामुळे शुक्राणूंना आत जाणं कठीण होतं. गर्भाशयाच्या आतलं अस्तरही पातळ राहतं.

राहिलेला गर्भ या इंजेक्शनने पडत नाही. पाळी चुकली म्हणून ‘इंजेक्शन घेऊन मोकळं होऊ’ असं कुणाला वाटत असेल, तर त्यासाठी हे औषध नाही. दिवस गेले आहेत की नाहीत, याची खात्री करूनच पहिला डोस दिला जातो.

किती खात्रीचं?

सगळे डोस अगदी वेळेवर घेतले, तर वर्षभरात १०० पैकी एकीलाही दिवस जात नाहीत, इतकं. प्रत्यक्ष आयुष्यात मात्र तारखा पुढेमागे होतात. असा सर्वसाधारण वापर धरला, तर वर्षभरात १०० पैकी साधारण ४ स्त्रियांना गर्भ राहतो. या दोन आकड्यांमधला फरक मुख्यतः उशिरा घेतलेल्या किंवा चुकलेल्या डोसचा आहे.

पाळी आल्यापासून सात दिवसांच्या आत पहिला डोस घेतला तर लगेच संरक्षण मिळतं. त्यानंतर घेतला तर पुढचे सात दिवस निरोध वापरावा लागतो किंवा संबंध टाळावा लागतो. गर्भपातानंतर सात दिवसांच्या आतही हे इंजेक्शन सुरू करता येतं.

एक गोष्ट मात्र ते करत नाही. एचआयव्ही किंवा इतर लैंगिक आजारांपासून ते वाचवत नाही. त्यासाठी निरोधच लागतो. हे इंजेक्शन घेतल्याने एचआयव्हीचा धोका वाढतो का, अशी शंका बरीच वर्षं होती. आफ्रिकेतल्या चार देशांमध्ये ७,८२९ स्त्रियांवर झालेल्या ‘एको’ या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. इंजेक्शन, तांबी आणि दंडात बसवायचं इम्प्लांट या तिन्हींमध्ये एचआयव्हीच्या धोक्यात फार मोठा फरक त्यात आढळला नाही.

पाळीचं काय होतं?

बहुतेक स्त्रिया इंजेक्शन सोडतात ते या प्रश्नापाशी येऊन.

पहिल्या तीन ते सहा महिन्यांत पाळीचं वेळापत्रक कोलमडतं. मधूनच डाग दिसतात, कधी आठ-दहा दिवस थोडं थोडं अंगावरून जात राहतं, कधी दोन महिने काहीच नाही. हळूहळू रक्तस्राव कमी होत जातो. वर्षभर इंजेक्शन घेतल्यावर साधारण निम्म्या स्त्रियांची पाळी पूर्ण थांबलेली असते. इंजेक्शन बंद केलं की काही महिन्यांत ती पुन्हा सुरू होते.

पाळी थांबली की घरात पहिला प्रश्न येतो, ‘दिवस तर गेले नाहीत ना?’ आणि दुसरी भीती म्हणजे, ‘घाण अंगातच साठत असेल.’ या भीतीला आधार नाही. पाळीत जे बाहेर पडतं ते गर्भाशयाचं अस्तर असतं. दर महिन्याला ते जाड होतं, गर्भ राहिला नाही की गळून पडतं. इंजेक्शनमुळे अस्तर जाड होतच नाही. साठायला आत काही तयारच होत नाही, म्हणून बाहेरही काही येत नाही.

डाग पडणं हे त्रासाचं असलं तरी सहसा धोक्याचं नसतं. ते कमी करण्यासाठी डॉक्टर काही दिवसांच्या गोळ्या देऊ शकतात. मात्र नेहमीच्या पाळीच्या दुप्पट रक्त जात असेल, आठ दिवसांपेक्षा जास्त काळ भरपूर रक्तस्राव चालू असेल, चक्कर येत असेल किंवा ओटीपोटात जोराचं दुखत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठायला हवा.

ज्यांना हे आधी समजावून सांगितलेलं असतं, त्या स्त्रिया पहिले सहा महिने धीराने काढतात. ज्यांना सांगितलेलं नसतं, त्यांना डाग दिसताच ‘इंजेक्शन बाधलं’ असं वाटतं आणि तसं वाटण्यात त्यांची काही चूक नसते.

डाग, ‘पिशवी’ आणि मराठवाडा

रक्तस्रावाबद्दलची गैरसमजूत या भागात किती महागात पडू शकते, याचं उदाहरण लातूरला लागून असलेल्या बीड जिल्ह्यात आहे.

ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशयं मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं असल्याचं समोर आलं. अंगावर पांढरं जाणं, पाळीत जास्त रक्त जाणं, ओटीपोट दुखणं अशा तक्रारी घेऊन गेलेल्या अनेक तरुण स्त्रियांना थेट ‘पिशवी काढून टाका’ असा सल्ला मिळाल्याचं तेव्हा पुढे आलं.

त्या शस्त्रक्रियांचा ‘अंतरा’शी संबंध नव्हता. पण त्यातून एक धडा मिळतो. ज्या भागात रक्तस्रावाच्या तक्रारीवर पिशवी काढण्याचा सल्ला सहज दिला जातो, तिथे डाग पाडू शकणारं इंजेक्शन देताना दुप्पट काळजी घ्यायला हवी. इंजेक्शन चालू असलेली स्त्री दुसऱ्या डॉक्टरकडे गेली, तर तिने सगळ्यात आधी ‘मी तीन महिन्यांचं इंजेक्शन घेते आहे’ हे सांगायला हवं, जवळचं कार्ड दाखवायला हवं. इंजेक्शनमुळे पडणाऱ्या डागांसाठी गर्भाशय काढण्याची गरज नसते. औषधाचा अंमल उतरला की हे डाग थांबतात.

ऊसतोडीचा हंगाम आणि तारखांचं गणित

नांदेड जिल्ह्यातल्या कंधार, लोहा, मुखेड आणि लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूर, जळकोट अशा डोंगराळ तालुक्यांमधून, तिथल्या तांड्यांवरून, दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला निघतात. पश्चिम महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडे कर्नाटकात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते आणि एक दिवस जरी काम बुडालं तरी ‘खाडा’ धरून पैसे कापले जातात. देगलूर, बिलोली भागातले मजूर हैदराबाद, निजामाबादकडे जातात. पाडव्याच्या आसपास किंवा त्यानंतर माणसं गावी परततात.

अशा घरासाठी हे इंजेक्शन एका अर्थी सोयीचं आहे. पालावर गोळ्यांची पाकिटं सांभाळायला नकोत, रोजची आठवण नको. पण डोसची तारीख नेमकी ऊस तोडत असताना येते.

डोसची मुदत ताठर नाही, ही इथे कामाची गोष्ट. ठरलेल्या तारखेच्या दोन आठवडे आधीपासून ते चार आठवडे नंतरपर्यंत पुढचा डोस घेता येतो. चार आठवड्यांपेक्षा जास्त उशीर झाला, तर गर्भ राहिलेला नाही याची खात्री करून मगच डोस मिळतो आणि पुढचे सात दिवस निरोध वापरावा लागतो.

समजा, एखाद्या स्त्रीने गाव सोडण्यापूर्वी २५ ऑक्टोबरला डोस घेतला. पुढची तारीख २५ जानेवारी. म्हणजे ११ जानेवारी ते २२ फेब्रुवारी या काळात केव्हाही ती दवाखान्यात जाऊ शकते. तिने २५ जानेवारीलाच डोस घेतला, तर त्यापुढची तारीख २५ एप्रिल आणि मुदत ११ एप्रिल ते २३ मे. तोपर्यंत ती बहुधा गावी परतलेली असते. याचा अर्थ निघण्याच्या तोंडावर डोस घेतला, तर अख्ख्या हंगामात बाहेरगावी घ्यावा लागणारा डोस एकच उरतो. उलट सप्टेंबरच्या सुरुवातीला डोस घेऊन निघालं, तर डिसेंबर आणि मार्च असे दोन डोस फडावर असताना येतात.

तो एक डोस दुसऱ्या जिल्ह्यात किंवा दुसऱ्या राज्यातल्या सरकारी दवाखान्यातही घेता येतो. २०१७ मध्ये ज्या पहिल्या दहा राज्यांत ‘अंतरा’ सुरू झालं त्यांत महाराष्ट्राबरोबर कर्नाटकही होतं. त्यासाठी ‘अंतरा कार्ड’ सोबत हवं. त्यावर घेतलेल्या आणि पुढच्या डोसच्या तारखा लिहिलेल्या असतात. कार्ड पावसात भिजतं, हरवतं, म्हणून मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवणं शहाणपणाचं. घरातल्या शिकलेल्या मुलीकडून किंवा आशाताईंकडून पुढची तारीख आणि शेवटची मुदत फोनच्या आठवणीत टाकून घेता येते.

इंजेक्शन सोडल्यावर दिवस राहतात का?

राहतात, पण लगेच नाही. शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण ७ ते १० महिन्यांनी गर्भ राहू शकतो. काहींना त्याहून जास्त वेळ लागतो. तांबी काढल्यावर किंवा गोळ्या थांबवल्यावर गर्भधारणेची शक्यता लवकर परत येते, तशी इथे येत नाही. कायमचं वांझपण मात्र या इंजेक्शनने येत नाही.

म्हणून हिशेब आधीच करावा लागतो. दुसरं मूल दोन-तीन वर्षांनी हवं असेल तर हे इंजेक्शन चांगलं. सहा महिन्यांनीच हवं असेल तर निरोध, गोळ्या असं काही निवडलेलं बरं. सून इंजेक्शन सोडून चार महिने झाले तरी दिवस राहिले नाहीत म्हणून घरात बोल लावले जातात. हा उशीर अपेक्षितच असतो, हे सासूला आणि नवऱ्यालाही माहीत हवं.

वजन, हाडं आणि इतर परिणाम

काहींचं वजन वाढतं, साधारण वर्षाला एक-दोन किलो. डोकं दुखणं, छातीत जडपणा, चिडचिड किंवा उदास वाटणं, इच्छा कमी होणं अशा तक्रारीही काही जणी करतात. गोळी बंद करता येते, तांबी काढता येते, पण एकदा घेतलेलं इंजेक्शन शरीरातून काढता येत नाही. त्रास झाला तर अंमल उतरेपर्यंत थांबावं लागतं.

इंजेक्शन चालू असताना हाडांची घनता थोडी कमी होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये त्याबद्दल ठळक इशारा द्यायला लावला. इंजेक्शन थांबवल्यावर घनता बरीचशी भरून येते. १८ ते ४५ या वयात जागतिक आरोग्य संघटना त्यावरून बंधन घालत नाही. १८ वर्षांखालच्या मुलींची हाडं अजून भरत असतात आणि पंचेचाळिशीनंतर ती झिजू लागतात, म्हणून या दोन्ही वयांत डॉक्टरांनी जास्त विचार करावा अशी अपेक्षा असते.

फ्रान्समधल्या स्त्रियांवर झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे इंजेक्शन दीर्घकाळ घेणं आणि मेंदूच्या आवरणावर होणारी ‘मेनिंजिओमा’ नावाची गाठ यांचा संबंध दिसला. ही गाठ मुळातच दुर्मीळ असते आणि बहुधा कर्करोगाची नसते. त्यामुळे एकेका स्त्रीसाठी धोका फार लहान राहतो. पण आधी अशी गाठ झालेली असेल तर हे इंजेक्शन घेऊ नये. वर्षानुवर्षं इंजेक्शन घेणाऱ्या स्त्रीला सतत डोकेदुखी, नजरेत बदल असं काही जाणवलं, तर डॉक्टरांना सांगायला हवं.

कोणाला उपयोगाचं, कोणी टाळावं?

मराठवाड्यातल्या स्त्रियांच्या दृष्टीने एक फायदा मोलाचा आहे. रक्तस्राव कमी झाल्याने रक्तक्षय कमी व्हायला मदत होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. नांदेडच्या किनवट-माहूर पट्ट्यातल्या आदिवासी समाजांमध्ये सिकलसेल आजार आढळतो. सिकलसेल असलेल्या स्त्रीलाही हे इंजेक्शन चालतं आणि अंग दुखण्याच्या झटक्यांना त्याने काहीसा आराम पडू शकतो.

या स्त्रियांनी मात्र ते टाळावं किंवा तज्ज्ञ डॉक्टरांशी बोलूनच ठरवावं:

- स्तनाचा कर्करोग असलेल्या किंवा होऊन गेलेल्या
- रक्तदाब १६०/१०० किंवा त्याहून जास्त असलेल्या
- पक्षाघात किंवा हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार झालेल्या
- यकृताचा गंभीर आजार असलेल्या
- मधुमेहामुळे डोळे, मूत्रपिंड किंवा नसांवर परिणाम झालेल्या
- कारण न कळलेला रक्तस्राव होत असलेल्या. आधी तपासणी, मग इंजेक्शन
- सहा आठवड्यांच्या आतलं बाळ अंगावर पिणाऱ्या

इतकी वर्षं याला विरोध का होता?

हे औषध नवं नाही. अमेरिकेत त्याला गर्भनिरोधक म्हणून १९९२ मध्ये मान्यता मिळाली. भारतात १९९३ मध्ये परवानगी मिळाली आणि ‘डेपो-प्रोव्हेरा’ या नावाने ते खासगी डॉक्टरांकडे मिळू लागलं. सरकारी कार्यक्रमात यायला मात्र आणखी २४ वर्षं लागली.

त्यामागे स्त्री संघटनांचा दीर्घ लढा आहे. तो सुरू झाला दुसऱ्या एका गर्भनिरोधक इंजेक्शनवरून, ‘नेट-एन’वरून. १९८५ मध्ये हैदराबादजवळच्या पटनचेरू इथे एका शिबिरात स्त्रियांना ते दिलं जात होतं. ही चाचणी आहे, याचे परिणाम काय होऊ शकतात, हे त्या स्त्रियांना नीट सांगितलेलं नव्हतं. हैदराबादची स्त्री शक्ती संघटना, दिल्लीची ‘सहेली’ आणि इतरांनी १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. मुंबईतल्या स्त्री आरोग्य गटांनीही या विरोधात आवाज उठवला. पुरेसं समुपदेशन आणि देखरेख शक्य नसताना ‘नेट-एन’ सरसकट कार्यक्रमात आणणार नाही, अशी भूमिका सरकारने घेतल्यावर २००० मध्ये ते प्रकरण मिटलं.

‘डेपो-प्रोव्हेरा’बाबतही १९९५ मध्ये औषधविषयक तांत्रिक सल्लागार मंडळाने ते सरकारी कार्यक्रमात न घेण्याचा सल्ला दिला होता. २०१५ मध्ये मंडळाने आपली भूमिका बदलली आणि २०१७ मध्ये ‘अंतरा’ आलं.

ऑपरेशनखेरीज स्त्रियांना पर्याय वाढायला हवेत, असं बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी जवळपास निम्म्या जणींची नसबंदी झालेली आहे. इंजेक्शन वापरणाऱ्यांचं प्रमाण देशभरात एक टक्कासुद्धा नाही. जगात मात्र २०१९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार सुमारे ७.४ कोटी स्त्रिया गर्भनिरोधक इंजेक्शन वापरत होत्या. विरोध करणाऱ्यांचा मुद्दा वेगळा होता. जिथे प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबही नेहमी मोजला जात नाही, तिथे शरीरातून काढता न येणारं औषध गरीब बाईला देऊन तिच्याकडे पुन्हा कोण पाहणार? हा प्रश्न औषधाला मान्यता मिळाल्याने संपत नाही. प्रत्येक डोसच्या वेळी तो नव्याने उभा राहतो.

कुठे मिळतं आणि कोण देतं?

नांदेडमध्ये विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरमध्ये विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, तसंच दोन्ही जिल्ह्यांतली स्त्री रुग्णालयं, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयं इथल्या स्त्रीरोग किंवा कुटुंब कल्याण विभागात याची चौकशी करता येते. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्याआधी आशाताई किंवा आरोग्यसेविकेकडून इंजेक्शन शिल्लक आहे का आणि ते कोणत्या दिवशी दिलं जातं, हे विचारून घेतलं तर खेप वाचते. राज्याच्या १०४ या आरोग्य सल्ला क्रमांकावरही विचारता येतं.

पहिला डोस प्रशिक्षित डॉक्टरांनी तपासल्यानंतरच मिळतो. पुढचे डोस प्रशिक्षित परिचारिका किंवा आरोग्यसेविका देऊ शकतात. यासाठी नवऱ्याची सही लागत नाही. इंजेक्शन घेतल्याची खूण घरात दिसत नाही, म्हणून घरच्यांपासून लपवून घेणाऱ्याही काही जणी असतात. पाळी बदलली की प्रश्न विचारले जातील, याची त्यांनी मनाशी तयारी ठेवलेली बरी.

इंजेक्शन नकोच असेल तर सरकारी दवाखान्यात तांबी, रोजच्या गोळ्या, निरोध आणि ‘छाया’ ही संप्रेरक नसलेली गोळीही मोफत मिळते. ‘छाया’ पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा घ्यायची असते.

पुरुषांसाठी असं इंजेक्शन नाही का?

आहे, पण अजून बाजारात नाही. आयआयटी खरगपूरचे प्रा. सुजॉय गुहा यांनी विकसित केलेल्या ‘रिसुग’ या इंजेक्शनच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ३०३ पुरुषांवर केलेल्या या चाचणीत ते परिणामकारक ठरलं. सध्या पुरुषांकडे निरोध आणि नसबंदी हे दोनच मार्ग आहेत. पुरुष नसबंदी स्त्रियांच्या ऑपरेशनपेक्षा सोपी, टाक्याशिवाय होणारी आहे. तरी महाराष्ट्रात तिचं प्रमाण एक टक्क्याच्या आत आहे.

दवाखान्यात विचारायचे सहा प्रश्न

इंजेक्शन घेण्याआधी या प्रश्नांची उत्तरं मिळायलाच हवीत. सिस्टर घाईत असल्या तरी विचारावेत.

१. माझा रक्तदाब मोजला का? तो किती आहे?

२. माझ्या पाळीत काय बदल होतील आणि किती दिवस?

३. डाग पडत राहिले तर कुणाकडे यायचं?

४. पुढची तारीख कोणती आणि जास्तीत जास्त कधीपर्यंत चालेल?

५. मी तेव्हा गावी नसेन. तिकडे डोस कुठे मिळेल?

६. माझं कार्ड भरून दिलं का?

या सहा प्रश्नांना पाच-सात मिनिटं लागतात. तेवढी मिळाली नाहीत आणि मनात शंका राहिली, तर त्या दिवशी इंजेक्शन न घेता निरोधची पाकिटं घेऊन परत यायला काहीच हरकत नाही. पाळी आल्यावर पुढच्या महिन्यात पुन्हा जाता येतं.